अंगठा बाहेर

भाजीची पिशवी कशी उचलायची हे मला चाळिशीला आल्यावर एका कराटेच्या सरांनी शिकवलं. मी विचारलं नव्हतं. बाळकुमच्या नाक्यावर भाजी घेऊन निघालेले, ऑफिसमधून परस्पर आलेले, घामाने वैतागलेले, आणि मागून आवाज आला, "मॅडम, पिशवी हातात आहे, पण ओझं मानेवर घेतलंत. खाली ठेवा. परत उचला."

मी वळून बघितलं. बुटका, काळासावळा, कान बाहेर आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीच्या, कोपऱ्यात मुलांना कराटे शिकवणारे सर. नमस्कारापुरतीही ओळख नव्हती. तरी मी, का कोण जाणे, भर बाजारात पिशवी खाली ठेवली आणि परत उचलली.

"नाही. परत."

पुन्हा उचलली.

"अजून खांदाच. परत."

भाजीवाली पदर तोंडाला लावून हसायला लागली तशी मी तरातरा निघून आले. घरी आल्यावर लक्षात आलं, कांद्याची दुसरी पिशवी तिथेच राहिली. थोड्या वेळाने बेल वाजली. सर पिशवी घेऊन दारात उभे. लिफ्ट व्यवस्थित चालू असताना जिन्याने चढून आलेले, आणि श्वास माझ्यापेक्षा शांत. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "बघा, आता घेतानासुद्धा खांदाच."

मी दार लावलं. जरा जोरातच लावलं.

पण माझी मान खरंच धरलेली असायची. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगच्या एका कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, आणि संध्याकाळी मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागायचं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. जिमला जायचं तर तयार होऊन, गाडी काढून जा. सरांचा क्लास खाली, घराच्या कपड्यांत जाता येण्यासारखा. एवढ्याच कारणासाठी मी गेले. माणूस आवडला म्हणून तर अजिबात नाही.

सर मूळचे बाळकुमचेच. ज्या जमिनीवर आमचे टॉवर उभे आहेत तिथे त्यांची भातशेती होती. तरुणपणी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात नोकरी करून ते संध्याकाळी डोंबिवलीला एका गुरूकडे कराटे शिकायला जायचे. जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा भावांनी फ्लॅटबरोबर दुकानांचे गाळे मागून घेतले. सरांनी फ्लॅटबरोबर काय मागितलं, तर पोडियमचा एक कोपरा, वर पत्र्यासकट. ही गोष्ट मला त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी सांगितली. सांगताना त्यांनी कपाळावर हात मारला. ही गोष्ट त्या नेहमी कपाळावर हात मारूनच सांगायच्या.

पहिल्या दिवशी सरांनी मला पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं केलं.

"आता काय करायचं?"

"उभं राहायचं."

"आणि?"

"आणि काय? हे तर जमू दे."

मला वाटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. महिना झाला तरी तेच. माझ्या मांड्या थरथरायच्या, पलीकडे बॅडमिंटन खेळणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हळूच काहीतरी बोलायच्या, आणि सर मागे हात बांधून आमच्यामधून हिंडायचे. माझ्यापाशी येऊन थांबायचे. "शरीर आलंय. मॅडम कुठे आहेत?"

"ऑफिसात," मी एकदा चिडून खरं ते सांगितलं. डोक्यात बॉसची मेल घोळत होती.

"बोलवून घ्या," म्हणाले आणि पुढे गेले.

आता हे कुणी कसं बोलवून घ्यायचं? पण त्यांचा सगळा धंदाच हा. धंदा म्हणजे वेड. त्यांचं म्हणणं असं, की आपला हात आधी पोचतो आणि आपण मागून पोचतो, आणि या दोघांच्या मध्ये जी फट राहते तिच्यात माणूस मार खातो. फट बुजवायला घाई करून उपयोग नाही, थांबावं लागतं. किती थांबावं लागतं, असं विचारलं की ते खांदे उडवायचे. त्यांनी मला पहिल्यांदा ठोसा मारायला कधी शिकवलं ते आठवत नाही, इतका उशीर झालेला. तोपर्यंत माझी ठोसा मारायची इच्छा फार वाढली होती आणि समोर कोण असावं हेही ठरलेलं होतं.

क्लासला मुलं टिकायची नाहीत. पलीकडच्या कॉम्प्लेक्समध्ये दुसरा क्लास होता. तिथे दर थोड्या दिवसांनी नव्या रंगाचा पट्टा, त्याचे फोटो, आईबाबांच्या स्टेटसवर व्हिडिओ. आमच्याकडे सगळ्यांचा पट्टा पांढरा. एक बाबा एकदा तावातावाने आले. "सर, माझा मुलगा इतके दिवस येतोय, अजून पहिल्याच कातावर?" काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची एक साखळी, समोर कोणीतरी आहे असं धरून करायची. पहिला काता सगळ्यात सोपा असतो, जगभरची मुलं तो पटकन शिकून पुढे जातात.

सर शांतपणे म्हणाले, "पहिला झालेला नाही अजून त्याचा."

"कधी होणार?"

"माझाही झालेला नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पलीकडच्या क्लासला. मी सरांना म्हटलं, "अहो, कशाला असं बोलायचं? थोडे दिवस थांबा, होईल, एवढं म्हणता येत नाही?"

"खोटं कसं बोलू?"

"खोटं नाही, गोड!"

त्यांना फरक कळला नाही.

काकी कधी क्लासकडे फिरकल्या नाहीत. "घरात बघतंय तेवढं पुरे हाय," म्हणायच्या. "ह्यो मानूस लादीवर पाय ठेवतो तो पन लादीला इचारून." काकी स्वतः वाऱ्यासारख्या. एका हाताने भाकरी थापतील, दुसऱ्या हाताने फोन धरतील, आणि पायाने मांजर हाकलतील. सर त्यांच्याकडे बघून कधी कधी कौतुकाने म्हणायचे, "हिला शिकवायला लागत नाही." काकी म्हणायच्या, "आनि यांना शिकवून उपेग नाय."

आता डोंबिवलीची गोष्ट. ही मला आजही सरळ सांगता येत नाही, सांगता सांगता राग येतो.

डोंबिवलीला माझं माहेर. तिथल्या एका शाळेने सरांना प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं होतं आणि मी त्यांना घेऊन गेलेले. प्रात्यक्षिकात सरांनी काय दाखवलं असेल ते सांगायला नकोच. मुलं जांभया देत होती. परत येताना आम्ही रिक्षाच्या रांगेत उभे होतो. एक तरुण रिक्षावाला रांग सोडून मागच्या एका माणसाला लांबच्या भाड्यासाठी बोलवायला लागला. रांगेत सगळ्यात पुढे एक आजी होत्या, हातात औषधांची पिशवी. सर त्याला म्हणाले, "आधी यांना घे."

"तू कोन सांगनारा?"

"रांग सांगते."

झालं. पोरगा रिक्षातून उतरला, त्याने सरांची कॉलर धरली आणि मूठ उगारली. मी घाबरले, पण खरं सांगते, आतून थोडी खूशसुद्धा झाले. म्हटलं, आता बघायला मिळणार. एवढी वर्षं नुसते उभे राहिलेत त्याचं काहीतरी दिसणार.

सरांनी त्या मुठीकडे नीट बघितलं. म्हणाले, "अंगठा आत घेतलायस. असं मारलंस तर मोडेल. बाहेर काढ."

पोरगा एवढा गोंधळला, की त्याने अंगठा बाहेर काढला.

"हां. बोटांवर ठेव. आता मनगट सरळ."

त्याने मनगट सरळ केलं. मग त्याला एकदम आठवलं की आपण चिडलोय. आणि त्याने मारलं.

सर फुटपाथवर बसले. नाकातून रक्त, पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ, लोक जमलेले. रुमालातून ते मला म्हणाले, "बघितलंत? सरळ आला."

पोरगाच धावत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला. आजींना दुसऱ्या रिक्षात बसवलं आणि आम्हाला त्यानेच आपल्या रिक्षात घातलं. रिक्षा सुरू झाली तशी मी सुरू झाले.

"तुम्हाला अडवता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग अडवलं का नाही?"

"कॉलर धरून एवढ्या जवळ उभा होता. अडवला असता तर मनगट गेलं असतं त्याचं. मग हँडल कसं धरणार?"

"आणि तुमचं नाक?"

"नाकाने मी काही चालवत नाही."

पुढून बारीक आवाज आला, "सॉरी काका."

"सॉरी नको," सर म्हणाले, "समोर बघ."

घरी काकींनी शर्ट बघितला आणि हातातला चमचा खाली पडला. "कोनी मारलं?"

"एका पोरानं. चांगला मारला. आदी चुकत होता, मंग मी सांगितलं."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, की हो, हे असंच झालं. काकींनी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, नाकावर बर्फ धरला आणि बर्फ धरता धरता त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "आता सगल्या ठान्याला शिकवा, तुमाला कुटायचं कसं ते!"

मी पुढचे कित्येक दिवस क्लासला गेले नाही. माझं नाक फुटलं नव्हतं, पण मला वाटत होतं की माझीच कुणीतरी फसवणूक केली. एवढं सगळं करून शेवटी मारच खायचा असेल तर त्यात काय अर्थ? ती ताकद होती की मूर्खपणा, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कुणी विचारलं तर मी उत्तर बदलत असते. परत गेले ते मानेमुळे. एवढे दिवस न गेल्यावर मान पुन्हा धरली, म्हणजे मधल्या काळात ती सुटली होती. हे मला कळलंच नव्हतं. सरांना अर्थातच मी हे सांगितलं नाही. त्यांनी परत कुठलीतरी पिशवी उचलायला लावली असती.

मग ती सकाळ. रविवार होता, आम्ही सातआठ जण होतो. सर पुढे उभे राहून काताची सुरुवात दाखवत होते. उजवा हात वर येऊन कपाळाजवळ थांबतो, समोरून येणारा वार अडवायला. त्यांचा हात वर येता येता छातीशी थांबला. सर हाताकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं, काहीतरी नवीन दाखवतायत, इथेही थांबायचं असेल. त्यांचं काय सांगावं! आम्ही सगळ्यांनी आपापले हात छातीशी थांबवले. पोडियमवर आम्ही सगळे अर्धा हात वर करून उभे, गंभीर चेहऱ्याने.

मग मला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येताना दिसली.

माझा हात खाली आला. मी ओरडले. कुणीतरी गाडी काढली, काकी अनवाणी धावत आल्या. हॉस्पिटलात वेळेत पोचलो असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी काकींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिने महत्त्वाचे. जेवढं परत यायचं ते बरंचसं याच काळात येतं. व्यायाम चुकवू नका."

काकी म्हणाल्या, "यायाम? त्याची काय काळजी नाय. जलमभर तेच केलंय यांनी."

आम्हाला दोघींनाही तसंच वाटलं होतं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी दिवा गावाहून लोकलने यायची. पहाटे नळाला पाणी आलं तर भरायचं, नाही आलं तर टँकरच्या रांगेत उभं राहायचं, आणि मग ठाण्यात चार घरं करायची, असा तिचा दिवस. हुशार, झटपट, हसरी. आली की सरांचा उजवा हात उचलायची. "चला काका, दहा वेळा. एक, दोन…"

"न…को," सर म्हणायचे.

"नको कसं? करायलाच हवं."

"मो…जू नको. उच…लू नको."

हात ते डाव्या हाताने ओढून घ्यायचे, मांडीवर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. नुसते बघत. तासन्तास. टीव्ही लावू द्यायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. जेवण आलं तरी बघणं चालूच. ती मुलगी दाराबाहेर मला म्हणाली, "ताई, परत परत हलवल्याशिवाय मेंदूला सवय कशी लागणार? हे ध्यान लावून बसतात. वेळ जातोय हो. हा वेळ परत मिळत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचं पटलं. मला नेहमीच त्यांच्या विरुद्ध बाजूचं पटायचं.

एके दिवशी मी ऑफिसमधून तशीच त्यांच्याकडे गेले. काकी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या, गॅस बंद, हात रिकामे. काकींचे हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन मी सरांसमोर उभी राहिले.

"सर, बास झालं. ती मुलगी कुठून कुठून येते तुमच्यासाठी. ती तिचं शिकूनच आलीय. तुम्हाला सगळं तुमच्याच पद्धतीने हवं. हट्ट आहे हा, दुसरं काही नाही. आणि त्याची शिक्षा काकींना!"

सर हाताकडेच बघत म्हणाले, "हात…माझा…नाय."

"म्हणजे?"

"ती उचलते…तवा दुसऱ्याचा…वाटतो. मी…नसतो तिथं." घरात ते आमच्यासारखं नाही, आपलं गावाकडचं बोलायचे. माझ्याशी असं पहिल्यांदा बोलले.

"मग बोलवून घ्या ना! आम्हाला एवढी वर्षं तेच सांगत होतात!"

"बोलवतो," सर म्हणाले. "येत नाय गो बाय."

आणि त्यांचा चेहरा, जेवढा हलत होता तेवढा, वाकडा झाला. मी खालीच बसले. मला वाटत होतं हा माणूस हट्ट करतोय. तो घाबरला होता. एवढं साधं मला दिसलं नव्हतं, कारण त्यांना घाबरता येतं असं माझ्या डोक्यातच नव्हतं. राग तरीही गेला नाही. उलट वाढला, पण आता कुणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. तिने ओढणी खोचली आणि सरांसमोर स्टूल घेऊन बसली. "काका, ठरवू या. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी हाताला हात लावणार नाही. मोठ्याने मोजणारही नाही. पण हो म्हणायचं. आणि मी बास म्हणेपर्यंत परत परत म्हणायचं. चालेल?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग हाताकडे. पंख्याचा आवाज येत राहिला. मी आणि काकी दाराशी उभ्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हो." तिने हात उचलला. त्यांची नजर हाताबरोबर वर गेली आणि हाताबरोबरच खाली आली. पुन्हा थांबणं. पुन्हा "हो."

तिच्या पुढच्या पेशंटांचे फोन यायला लागले. सरांच्या एका "हो"मध्ये बाकीच्यांचे पाच व्यायाम झाले असते. ती मला जिन्यात म्हणायची, "ताई, ह्या काकांपायी माझी ठाण्यातली बाकीची घरं बोंब मारतात." पण ती येत राहिली आणि सर हो म्हणत राहिले. पाय आधी आला. काठी घेऊन ते हॉलभर फिरायला लागले. मग खांदा, मग कोपर. बोटं मिटायला लागली, पण अंगठा तळव्यात अडकून राहायचा, त्यावर बोटं मिटायची. सरांनी एक दिवस ती मूठ आमच्यासमोर धरली आणि त्यांना हसू फुटलं. आजारपणातलं पहिलं हसू. "त्या…पोरासारखा," म्हणाले. मुलीला काही कळलं नाही. मी आणि काकींनी तिला डोंबिवलीची गोष्ट सांगितली, आणि मी ती पहिल्यांदाच न चिडता सांगितली.

सगळं काही परत आलं नाही. कराटेचे सर म्हणून ते पुन्हा उभे राहिले नाहीत. क्लास आम्ही जुने तीनचार जण चालवायचो आणि ते खुर्चीत बसून आमच्या चुका काढायचे, जड जिभेने, म्हणजे एका चुकीला आणखी जास्त वेळ.

पुढे मी डोंबिवलीला परत राहायला गेले. जायच्या थोडं आधी त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, कल्याणच्या बाजूला कुठल्यातरी मोठ्या हॉलमध्ये. काकींनी मलाही आग्रहाने बोलावलं. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा काकी हिरवा शालू, अंगभर सोनं, गजरा माळून तयार. खाली गाडी हॉर्न वाजवत होती. आणि सर बेडरूममध्ये आरशासमोर नव्या शर्टाची बटणं लावत होते. उजव्या हाताने.

बटणं बारीक होती, काज घट्ट होते. अंगठा आणि बोट एकमेकांना शोधायचे, सापडायचे, बटण निसटायचं. काकी येरझाऱ्या घालत होत्या. "अवो, अक्षता पडतील तिकडं!" फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. मी म्हटलं, "सर, मी लावते पटकन." त्यांनी डावा हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले. शेवटचं बटण लागलं. काकींनी पर्स उचलली, मी चपला घातल्या.

सरांनी आरशात बघितलं. कॉलरची एक बाजू वर होती, एक खाली. पहिलंच बटण चुकीच्या काजात गेलेलं. सगळी रांग एकेकाने सरकलेली.

"राहू द्या सर, कोट घाला वरून, कुणाला दिसतंय," मी म्हटलं. खरंच कुणाला दिसलं नसतं. सरांनी खालून पहिलं बटण काढायला घेतलं. मग दुसरं. मला सहन होईना. मी पुढे झाले, तर काकींनी माझं मनगट धरलं. घट्ट.

फोन पुन्हा वाजला. काकींनी उचलला. "तुमी व्हा पुढं," त्या म्हणाल्या, "आमाला येल लागंल." खालची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. काकी पलंगाच्या कडेला बसल्या, बांगड्या मागे सारल्या, शालूचा पदर मांडीवर नीट घेतला.

"पंखा लाव गो बाय," मला म्हणाल्या. "आनि बस."

मी पंखा लावला आणि त्यांच्या शेजारी बसले. सरांची सगळी बटणं काढून झाली होती. त्यांनी शर्टाची दोन्ही टोकं समोर धरली, खाली वाकून एकदा नीट जुळवून बघितली, आणि पहिलं बटण हातात घेतलं.